रुसणारी किल्ली आणि ‘संपलेला’ सेल

बटण दाबलं की कधी गाडी लगेच ‘टुक’ करून उघडते, कधी ढिम्म हलत नाही. पुन्हा दाबा, दोन पावलं पुढं जा, हात उंच करून दाबा, की उघडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एखादी वस्तू साफ बंद पडली तर तिची दुरुस्ती तुलनेनं सोपी असते. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ हा बिघाड मात्र कारागिराच्या पुढ्यात नेला की नेमका गायब होतो. दुखरा दात दवाखान्याच्या पायरीवर थांबतो, तसाच हा प्रकार.

आमच्या गाडीच्या रिमोट किल्लीनं गेल्या पावसाळ्यात दोन महिने असा छळ मांडला होता. सर्व्हिस सेंटरमध्ये ती शहाण्या मुलासारखी चालली. ‘नवी घेऊन टाका’ एवढाच सल्ला मिळाला आणि नव्या किल्लीची किंमत हजारांत होती. अखेर एका रविवारी चहाच्या टेबलावर मी ती उघडली. बिघाड सापडला आणि तो अगदी किरकोळ निघाला. पण त्या दुरुस्तीत माझ्या हातून जी चूक झाली, ती बिघाडापेक्षा कितीतरी मोठी होती. तिच्याबद्दल पुढं सांगतो. आधी किल्लीचं.

बटण दाबल्यावर काय घडतं?

गाडी दुरून उघडण्याची कल्पना तशी जुनी. १९८२ मध्ये ‘रेनॉ’ या फ्रेंच कंपनीच्या ‘फ्युएगो’ मोटारीला अशी किल्ली मिळाली. तेव्हा ती टीव्हीच्या रिमोटसारखी अवरक्त किरणांवर चाले. आजच्या किल्ल्या रेडिओलहरींवर चालतात. भारतात आणि युरोपात बहुतेक किल्ल्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, अमेरिका आणि जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झचा वापर जास्त. म्हणूनच टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासण्याची युक्ती इथं उपयोगी पडत नाही. रेडिओलहरी कॅमेऱ्याला दिसत नाहीत. किल्लीवरचा बारीक दिवा लागला म्हणजे संदेश गेलाच, असंही नाही. दिव्याला लागणारी वीज संदेशाच्या मानानं थोडी असते.

किल्ली दरवेळी तोच संदेश पाठवत नाही. तसं असतं, तर चोरानं तो एकदा टिपून ठेवला असता आणि हवा तेव्हा वाजवून गाडी उघडली असती. त्यामुळं प्रत्येक दाबाला आतला आकडा एकानं पुढं सरकतो आणि गुप्त लिपीत बदलून जातो. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात तयार झालेली ‘की-लॉक’ ही अशीच एक गाजलेली पद्धत. गाडीलाही आकडा कुठवर आला ते ठाऊक असतं. पण घरात बसून कुणी बटण दाबलं, तर किल्लीचा आकडा पुढं जातो आणि गाडीला ते कळत नाही. म्हणून गाडी थोडी सवलत ठेवते. ‘की-लॉक’च्या नेहमीच्या रचनेत पुढचे १६ आकडे गाडी लगेच मान्य करते. त्याहून पुढचा आकडा आला तर ती पहिल्या संदेशाला गप्प राहते आणि लागोपाठचा दुसरा संदेश आला, की मगच खात्री पटून उघडते.

‘पहिल्यांदा दाबलं तर नाही, दुसऱ्यांदा दाबलं तर उघडली’ या तक्रारीमागं कधीकधी एवढंच असतं. तान्ह्या-रांगत्या बाळाच्या हातात खुळखुळा म्हणून गाडीची किल्ली देणारी घरं आपल्याकडं कमी नाहीत. बाळ तासभर बटणं दाबत बसतं, आकडा पन्नास-साठ घरं पुढं जातो आणि संध्याकाळी बाबा वाहनतळावर वैतागतात.

खिशात किल्ली असली की नुसता दरवाजाला हात लावून उघडणाऱ्या गाड्यांत आणखी एक टप्पा असतो. गाडी आधी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या मंद सादेनं किल्लीला हाक मारते. ही हाक जेमतेम मीटरभर पोचते. ती ऐकून किल्ली जागी होते आणि वरच्या लहरींवर उत्तर देते. म्हणजे इथं बोलणं दोन वेगवेगळ्या वाटांनी होतं आणि बिघाडही दोन ठिकाणी होऊ शकतो. बटण दाबल्यावर गाडी उघडते, पण हात लावल्यावर उघडत नाही, असं असेल तर हाक किंवा दरवाजाच्या मुठीतला संवेदक संशयित. मूठ पावसानं चिंब झाली असेल, तरी हा संवेदक गोंधळतो.

मीटरवर तीन व्होल्ट, तरी सेल थकलेला

बहुसंख्य तक्रारींचं मूळ सेलमध्ये असतं. आणि नेमका तिथंच घरगुती तपास चुकतो. किल्लीतला सेल काढून मल्टिमीटर लावला की २.९ व्होल्ट दिसतात. ‘तीनचा सेल आहे, २.९ दाखवतोय, म्हणजे उत्तम’ असं म्हणून आपण तो परत बसवतो.

नाण्यासारख्या या सेलवर बहुधा ‘सीआर २०३२’ असं लिहिलेलं असतं. ‘सी’ म्हणजे लिथियम आणि मँगेनीज डायऑक्साइडचं रसायन, ‘आर’ म्हणजे गोल, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हा सेल वर्षानुवर्षं थेंबथेंब वीज द्यायला उत्तम. एकदम ओंजळभर वीज मागितली की मात्र त्याची दमछाक होते. याचं कारण त्याच्या आतलाच रोध. नव्या सेलमध्ये तो साधारण १० ते २० ओहम असतो. सेल म्हातारा होतो तसा वाढत जातो.

हिशेब करून पाहू. संदेश पाठवताना किल्ली क्षणभर १५ मिलिअँपिअर प्रवाह ओढते असं धरा. आतला रोध १५ ओहम असेल तर व्होल्टेज पाव व्होल्टहूनही कमी घसरेल. कुणाला पत्ता लागणार नाही. रोध वाढून ६० ओहम झाला असेल तर घसरण ०.९ व्होल्टची. २.९ वरून थेट दोनवर. बऱ्याच किल्ल्यांमधली चिप दोन व्होल्टच्या आसपास माना टाकते. मल्टिमीटर जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून त्याला सेल धडधाकट दिसतो. खुर्चीत बसून तपासलेली नाडी छान लागावी आणि जिना चढताना धाप लागावी, तसंच हे.

थंडीत आतला रोध आणखी वाढतो. त्यामुळं डिसेंबरात महाबळेश्वरच्या हॉटेलबाहेर पहाटे गप्प राहिलेली किल्ली दुपारी उन्हात मुकाट चालू लागते. खिशात हात घालून दोन मिनिटं सेलला ऊब दिल्यावर गाडी उघडली, तर निदान झालंच म्हणून समजा. बटण दाबल्यावर पहिल्यांदा चालते आणि लागोपाठ तीन-चारदा दाबलं की थकते, ही दुसरी खूण. आणि पूर्वी वीस-पंचवीस पावलांवरून उघडणारी गाडी आता अगदी जवळ गेल्यावरच उघडू लागली, ही तिसरी.

सेल लवकर संपण्याचं एक कारण आपल्या घराच्या रचनेतही असतं. तळमजल्यावर घर, खिडकीखाली गाडी आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला किल्ली. हात लावून उघडणाऱ्या गाड्यांच्या किल्लीला अशा वेळी गाडीची हाक सारखी ऐकू येत राहते. ती रात्रंदिवस दचकून जागी होते आणि वर्ष-दोन वर्षं चालणारा सेल काही महिन्यांत थकतो. गाडीपासून किल्ली काही मीटर दूर ठेवणं हा त्यावर फुकटचा उपाय.

एका वेळी एकच गोष्ट बदला

अधूनमधून होणारा बिघाड शोधायचा तर डॉक्टर रोग्याला विचारतात तेच प्रश्न विचारायचे. कधी होतं? कुठं होतं? कुणाला होतं?

सुरुवात दुसऱ्या किल्लीपासून. गाडीबरोबर मिळालेली जादा किल्ली कपाटातून काढा आणि दोन-तीन दिवस वापरा. तीही तशीच वागली तर दोष किल्लीत नाही. गाडीची मोठी बॅटरी मलूल असेल, गाडीतला ग्राहक बिघडला असेल किंवा जागाच अडचणीची असेल. दुसरी किल्ली बिनतक्रार चालली, तर दोष पहिलीत आहे. एवढ्या एका प्रयोगानं अर्धं अरण्य साफ होतं. (दुसऱ्या किल्लीतला सेलही पडून-पडून जुना झालेला असू शकतो, एवढं ध्यानात ठेवा.)

मग जागेचा विचार. किल्ली एकाच ठिकाणी रुसत असेल तर तिथं कुणीतरी त्याच लहरींवर गोंगाट करतंय, असं समजायला हरकत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात २०१९ मध्ये एका वस्तीतल्या मोटारींच्या किल्ल्या आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट अचानक चालेनासे झाले. नाना तर्क लढवले गेले. शोध घेता घेता माणसं एका घरापाशी पोचली. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या एका रहिवाशानं घरात कुणी वरच्या मजल्यावर आहे का हे कळावं म्हणून एक छोटं उपकरण बनवलं होतं. ते ३१५ मेगाहर्ट्झवर अखंड संदेश पाठवत होतं. त्याचा सेल काढला आणि सगळी वस्ती पूर्ववत झाली. उपकरण बनवणाऱ्याच्या मनात कुणाला त्रास देण्याचा हेतू नव्हता.

आपल्याकडं एवढं नाट्य होत नाही. गोंगाट बहुधा गाडीतच असतो. हलक्या दर्जाचा मोबाइल चार्जर, डॅशबोर्डवरचा कॅमेरा, नंतर बसवून घेतलेले एलईडी दिवे यांपैकी एखादी गोष्ट आवाज करत असते. त्या एकेक करून काढून पाहायच्या. किल्ली आणि मोबाइल एकाच खिशात असणं हेही एक कारण. मोबाइल वायरशिवाय चार्ज करणाऱ्या तबकड्या साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झवर चालतात आणि गाडीची हाक १२५ च्या आसपास असते. तबकडीशेजारी किल्ली ठेवली की ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर का येतो, ते यावरून कळेल.

तिसरी पायरी बटणाची. एकच बटण त्रास देत असेल आणि बाकीची ठणठणीत असतील तर सेलचा दोष नाही. ते बटण झिजलंय. किल्लीला टिचकी मारल्यावर किंवा ती दाबून धरल्यावर चालत असेल तर आत काहीतरी ढिलं आहे. सेल धरणारी पत्ती सैल झालेली असते किंवा किल्ली पडून-पडून तिचं डाखकाम तडकलेलं असतं. मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम थोडक्या पैशांत करून देतो.

गंमत म्हणून सांगायला हरकत नाही, की किल्ली हनुवटीखाली टेकवून दाबली तर तिचा पल्ला काही मीटरनं वाढतो. आपलं डोकं म्हणजे बरंचसं खारट पाणी. ते किल्लीच्या चिमुकल्या अँटेनाला जोड देतं. त्यानं मेंदूला काही होईल का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. किल्लीची ताकद काही मिलिवॉटची आणि तीही क्षणभर. कानाला लावलेला मोबाइल याच्या कितीतरी पट ताकदीनं आणि कितीतरी जास्त वेळ बोलत असतो. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र गाडीची पुस्तिका वाचावी. हात लावून उघडणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत, गाडीतल्या हाक मारणाऱ्या अँटेनांपासून पेसमेकर किमान २२ सेंटीमीटर दूर ठेवा, अशी स्पष्ट सूचना असते. शंका असेल तर आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं.

सेल बदलताना

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. किल्ली उघडली आणि कारण समोरच दिसलं. आत ‘सीआर २०२५’ बसवलेला होता. मे महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून मीच तो आणला होता. दुकानदार म्हणाला होता, “२०३२ संपलाय, हा घ्या, बसतो बरोबर.” बसतो खरा. व्यास तोच, व्होल्टेज तेच. पण जाडी अडीच मिलिमीटर. राहिलेल्या पाऊण मिलिमीटरच्या फटीत दोन महिने माझी किल्ली रुसत होती. पत्ती टेकली की चालू, सुटली की बंद. योग्य सेल बसवला आणि किल्ली पहिल्या दिवसासारखी झाली.

म्हणून पहिला नियम, जुन्या सेलवरचा आकडा वाचून तोच सेल घ्या. दुसरा, कवच उघडताना नखानं किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं उघडा आणि ते उघडतं कसं, अधिकची खूण कुठल्या बाजूला आहे, याचा आधी फोटो काढा. काही जुन्या किल्ल्यांत गाडी सुरू व्हायला लागणारी एक सुटी, तांदळापेक्षा थोडी मोठी चिप असते. ती उडून हरवली तर दरवाजा उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही. तिसरा, सेल कडेनं धरा आणि पत्त्यांवर हिरवट थर दिसला तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. बहुतेक किल्ल्या सेल बदलल्यावर काही विसरत नाहीत, त्यामुळं पुन्हा जोडणी करावी लागत नाही.

नवा सेल घालूनही किल्ली अडखळत असेल, तर आणखी एक शक्यता तपासा. अलीकडं काही कंपन्या या सेलवर एक अतिशय कडू लेप देतात. तो ठरावीक जागी असतो आणि वीज वाहू देत नाही. किल्लीतली पत्ती नेमकी त्या लेपावर टेकली, तर नवाकोरा सेलही मेल्यासारखा वागतो. ‘ॲपल’नं आपल्या ‘एअरटॅग’च्या ग्राहकांना याच कारणासाठी सावध केलं आहे, की असा लेप असलेला सेल त्यात कदाचित चालणार नाही.

सेलला कडू लेप कशासाठी? सेल कुणी चाखून पाहतं का?

चाखतं. आणि माझी चूक इथंच होती.

टेबलावरची चकती

नवा सेल बसवून मी गाडी उघडते का ते पाहायला खाली गेलो. काढलेला जुना सेल टेबलावर कपबशीशेजारी राहिला. माझ्या लेखी तो कचरा होता. पाच मिनिटांनी वर आलो तेव्हा भाचीचा दीड वर्षाचा मुलगा टेबलाला धरून उभा होता आणि त्याची मूठ तोंडाकडं निघाली होती. भाचीनं वेळेवर मूठ सोडवली. चकचकीत, गुळगुळीत, नाण्याएवढी वस्तू. त्या वयात हाताला लागलेली प्रत्येक गोष्ट तोंडातच जाते.

‘संपलेलाच होता ना?’ असं घरातल्या एकानं मला धीर द्यायला म्हटलं. पण किल्लीसाठी संपलेला सेल शरीरासाठी संपलेला नसतो. वरचा हिशेब आठवा. त्याच्यात अजून अडीच-पावणेतीन व्होल्ट शिल्लक असतात, फक्त एकदम मोठा प्रवाह देता येत नाही. आणि इजा करायला मोठा प्रवाह लागतच नाही. पाण्याचं विघटन व्हायला साधारण सव्वा व्होल्ट पुरतो.

वीस मिलिमीटरची चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेत सहज अडकते. तिथल्या ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते. सेलच्या ऋण बाजूला पाण्याचं विघटन होऊन तीव्र अल्कली तयार होते, गटार मोकळं करायच्या कॉस्टिक सोड्याच्या जातीची. ती पेशींना अक्षरशः विरघळवते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. अन्ननलिकेच्या एका बाजूला श्वासनलिका आणि जवळच महारोहिणी. भोक पडत गेलं तर जिवावर बेततं. सेल काढून टाकल्यावरही इजा पुढं सरकत राहते आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही रक्तस्राव होऊ शकतो. नाकात किंवा कानात घातलेला सेलही असाच भाजतो.

सगळ्यात कठीण भाग हा, की पुष्कळदा गिळताना कुणी पाहिलेलं नसतं. मूल बोलतं नसतं. लाळ गळते, खायला नको म्हणतं, खोकला येतो, उलटी होते, कुरकुर चालू राहते. सर्दी-पडसं किंवा दात येत असतील, असं वाटतं. एक्स-रेतही हा सेल नाण्यासारखा दिसू शकतो. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, ही त्याची खूण. त्यामुळं किल्ली किंवा रिमोट उघडा पडलेला दिसला आणि सेल सापडत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. ती एक माहिती तास वाचवते.

संशय आला तर काय करायचं, ते नीट वाचा. मुलाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. जिथं एक्स-रे आणि दुर्बिणीनं सेल काढण्याची सोय आहे, तिथंच जा. गरज वाटली तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. खायला-प्यायला देऊ नका. याला एकच अपवाद आहे. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असा अमेरिकेतल्या विषबाधा मार्गदर्शन केंद्राचा सल्ला आहे. मध अन्ननलिका आणि सेल यांच्यामध्ये थर धरतो आणि अल्कलीची तीव्रता थोडी कमी करतो. मध हा उपचार नव्हे, रुग्णालयाच्या वाटेवरची सोबत आहे. त्यासाठी निघायला एक मिनिटही उशीर करू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नका. सेलच्या पाकिटावरचा किंवा तशाच दुसऱ्या सेलवरचा आकडा सोबत न्या.

जगात याची दखल उशिरा घेतली गेली. ऑस्ट्रेलियानं जून २०२२ पासून बटन सेल असलेल्या वस्तूंसाठी सक्तीची मानकं लागू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘रीसचा कायदा’ झाला. रिमोटमधला असा सेल गिळून दगावलेल्या दीड वर्षाच्या मुलीचं नाव त्या कायद्याला आहे. भारतात खेळण्यांना २०२१ पासून मानकं सक्तीची आहेत. पण गाडीची किल्ली काही खेळणं नाही. ते खेळणं आपण बनवतो.

कडू लेपाला ‘डेनाटोनियम बेंझोएट’ म्हणतात. एडिंबरामधल्या एका कंपनीत १९५८ मध्ये भूल देणाऱ्या औषधांवर काम करताना तो योगायोगानं सापडला. जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. मुलानं सेल चटकन थुंकावा, एवढीच त्यामागची आशा. पण मूल एका घासात गिळून बसलं तर कडूपणा काही करू शकत नाही आणि भाजणं तर त्यानं मुळीच थांबत नाही. घरात लहान मूल असेल तर किल्लीत चालणारा लेपाचा सेल जरूर घ्या. पण लेपावर भिस्त ठेवू नका.

खरी सुरक्षितता सवयींत आहे. सेल बदलायचा तर मूल झोपलेलं किंवा दुसऱ्या खोलीत असताना बदला. नवा सेल बाहेर काढण्याआधीच चिकटपट्टी हाताशी ठेवा. जुना सेल निघाला की त्याच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी गुंडाळा. चिकटपट्टी लावलेला सेलही मुलाच्या हाती लागता कामा नये, म्हणून तो उंचावरच्या बंद डब्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडं द्या. जादा सेलचं पाकीट ड्रॉवरमध्ये नको. कवच ढिलं झालेली किल्ली ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणून वापरू नका. ते कवच पडल्याबरोबर उघडतं आणि सेल सोफ्याखाली घरंगळतो. आणि बाळाला खुळखुळा हवाच असेल तर खुळखुळाच द्या.

आमची किल्ली आता पहिल्याच दाबाला उघडते. ती दाराजवळच्या खालच्या खिळ्यावर असायची, तिथून तिची बदली कपाटाच्या वरच्या कप्प्यात झाली आहे. गाडीपासून दूर, म्हणून सेलही जास्त टिकेल. पण जागा बदलली ती सेलसाठी नव्हे.